मुलासाठीं कीबोर्ड घेतांना

मुलगा किंवा मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली, शाळेच्या स्नेहसंमेलनांत एखादें गाणें म्हणून आली, कीं घरांत एक प्रश्न हमखास निघतो. हिला आतां एखादें वाद्य शिकवावें, असें आजी सुचविते. आजोबांचें मत पेटीकडे झुकतें, आईला पियानोची हौस असते, काका म्हणतात, "एक कॅसिओ आणून टाकूं, सगळेंच त्यांत येतें." मग एका रविवारीं सर्व मंडळी वाद्यांच्या दुकानांत जाऊन उभी राहते. तेथें काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचीं दहा-वीस यंत्रें ओळीनें मांडलेलीं असतात. विक्रेता एका बोटानें एक पट्टी दाबतो, त्याबरोबर ढोलक, गिटार, व्हायोलिनें असा सारा ताफा एकदम वाजूं लागतो, मुलाचे डोळे विस्फारतात आणि खरेदी होऊन जाते. या खरेदीपूर्वीं घरांत अर्धा तास बसून ज्या गोष्टींचा विचार व्हावा, त्यांविषयीं चार शब्द लिहावेत असें आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होतें.

प्रथम नांवाविषयीं. वनस्पति तुपास जसें आपण सरसकट डालडा म्हणत आलों, तसेंच कोणत्याहि कंपनीच्या कीबोर्डला आपल्या घरांत "कॅसिओ" म्हणतात. त्याचें कारणहि आहे. घड्याळें आणि गणकयंत्रें करणाऱ्या या जपानी कंपनीनें १९८० सालीं "कॅसिओटोन २०१" हें आपलें वाद्य बाजारांत आणलें आणि विजेवर वाजणारी सूरपेटी ही चैनीची वस्तु न राहतां मध्यम स्थितीच्या घरांत शिरूं लागली. आज यामाहा, कॅसिओ, रोलँड अशा अनेकांचीं वाद्यें मिळतात. परंतु विकत घ्यावयाची वस्तु नांवावरून ठरवूं नये. ती मुलाला काय शिकावयाचें आहे यावरून ठरवावी. आणि नेमका हाच प्रश्न दुकानांत कोणी विचारीत नाहीं.

आमच्या मतें म्हणूनच आधीं शिक्षक ठरवावा आणि मागाहून वाद्य घ्यावें. पुष्कळ घरांतून हा क्रम उलटा होतो. भाच्याच्या मुंजींत किंवा मुलीच्या वाढदिवशीं वाद्य येतें, सहा महिनें तें कपाटावर राहतें, आणि मग त्या वाद्याला शोभेल असा शिक्षक शोधण्यास सुरुवात होते. शिक्षक पेटी शिकविणारे आहेत, कीं पियानो, कीं कीबोर्ड हेंच स्वतंत्र वाद्य मानून त्याच्या परीक्षा देवविणारे आहेत, यावर वाद्याचे गुणावगुण सर्वस्वीं अवलंबून असतात. वरवर पाहतां तिन्ही ठिकाणीं पट्ट्या त्याच. परंतु त्या पट्टीकडून अपेक्षा मात्र अगदीं भिन्न.

हें जरा उलगडून सांगितलें पाहिजे. पेटीची पट्टी तुम्ही हळू दाबा कीं जोरानें दाबा, सूर तेवढाच निघतो. त्याचा लहान-मोठेपणा डाव्या हातानें हलणाऱ्या भात्याच्या हवेंत असतो. पट्टी धरून ठेवा, भाता चालू ठेवा, सूर तसाच भरून राहील. पियानोचें याच्या अगदीं उलट. तेथें पट्टीच्या दुसऱ्या टोंकाला हातोडी असते. बोट ज्या वेगानें पडेल त्या वेगानें ती तारेवर आदळते, आणि मृदु किंवा प्रखर सूर त्या बोटाच्याच स्वाधीन असतो. शिवाय तो सूर निघाल्या क्षणापासून विरूं लागतो. पियानो शिकणाऱ्या मुलाचें पहिलें वर्ष एका अर्थीं याच गोष्टीवर खर्च होतें: पांचहि बोटें सारख्या वजनानें कशीं पडतील, उजव्या हाताचें गाणें थोडें पुढें आणि डाव्या हाताची साथ थोडी मागें कशी राहील.

आतां कीबोर्डकडे पाहा. कांहीं वाद्यांना बोटाचा हा वेग कळतो, कांहींना मुळींच कळत नाहीं. दुकानदार पहिल्या प्रकाराला "टच सेन्सिटिव्ह" किंवा "टच रिस्पॉन्स" म्हणतात. ज्या वाद्याला तो कळत नाहीं, त्यावर मांजर चाललें काय आणि निष्णात वादकाचा हात पडला काय, आवाज एकाच मापाचा. एकाच कंपनीच्या, दिसावयास जुळ्या बहिणींसारख्या दोन वाद्यांत हाच फरक असूं शकतो. कॅसिओच्या सीटी-एस२०० या वाद्यास स्पर्शाचा भेद कळत नाहीं, सीटी-एस३०० यास कळतो; यामाहाच्या पीएसआर-ई२७३ यास नाहीं, पीएसआर-ई३७३ यास आहे. खोक्यावरील चित्रें पाहून हें कोणाच्याहि ध्यानांत यावयाचें नाहीं. मुलगा पियानोच्या वाटेनें जाणार असेल, तर चार हजार रुपये वाचविण्यासाठीं स्पर्श न कळणारें वाद्य घेणें म्हणजे पोहावयास शिकविण्यासाठीं कोरडा हौद बांधण्यासारखें आहे. उलट, मुलगी पेटीच शिकणार असेल आणि कीबोर्ड केवळ घरच्या सरावापुरता हवा असेल, तर स्पर्शाच्या या सोयीसाठीं जादा पैसे देण्याचें फारसें प्रयोजन नाहीं. कारण ज्या वाद्याचें तें अनुकरण करणार, त्याच्याच पट्टीला स्पर्शाचा भेद नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका घरीं घडलेला प्रकार येथें सांगण्यासारखा आहे. घर मोठें, तीन भाऊ एकत्र राहणारे. मधल्या भावाच्या नऊ वर्षांच्या मुलीसाठीं मामांनीं मोठ्या प्रेमानें एक कीबोर्ड पाठविला. त्यांत शेंकडों वाद्यांचे आवाज होते, निरनिराळे ताल होते. नव्हता तो फक्त स्पर्श. मुलगी पियानोच्या शिक्षिकेकडे जाऊं लागली. शिक्षिकेच्या घरीं खरा पियानो. आठवड्यांतून एकदां तेथें पाऊण तास आणि इतर सहा दिवस घरीं सराव, असा क्रम. मुलगी मेहनती होती. नेमून दिलेला पाठ बिनचूक बसवून जाई. परंतु पियानोवर बसली कीं तिचीं बोटें अडखळत. एक सूर ओरडे, दुसरा उमटतच नसे. शिक्षिका म्हणत, "सराव होत नाहीं वाटतें." घरीं आई म्हणे, "अग, रोज तासभर तर बसतेस!" सहा-सात महिन्यांनीं मुलीनें स्वतःच निर्णय सांगितला कीं, मला संगीत येत नाहीं. पुढें एका जाणत्या गृहस्थानें त्या घरीं सहज वाद्यावर हात फिरविला, तेव्हां उलगडा झाला. परंतु तोंपर्यंत शिकवणी सुटली होती, आणि "मला येत नाहीं" हें वाक्य मुलीच्या मनांत पक्कें बसलें होतें.

मोठ्या माणसाला वाद्य वाईट मिळालें तर तो वाद्याला दोष देतो. मूल तसें करीत नाहीं. तें स्वतःलाच दोष देतें. चुकीच्या निवडीनें पांच-दहा हजार रुपये वायां जातात ही गोष्ट लहान नव्हे. पण आम्हांस हा दुसरा तोटा अधिक मोठा वाटतो, कारण तो पावतीवर लिहिलेला नसतो.

स्पर्शाच्या खालोखाल महत्त्व पट्टीच्या मापाचें. दुकानांत जातांना खिशांत शिवणकामाची टेप न्यावी. सा पासून नी पर्यंतच्या सात पांढऱ्या पट्ट्यांची एकत्र रुंदी पूर्ण मापाच्या वाद्यावर सुमारें सोळा ते साडेसोळा सेंटिमीटर भरते. याहून बरीच कमी भरली, तर तें लहान पट्ट्यांचें वाद्य आहे असें समजावें. "मुलाचे हात लहान, म्हणून पट्ट्याहि लहान बऱ्या," असा युक्तिवाद आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. तो ऐकावयास गोड आहे, पण खोटा आहे. बोटांना अंतराची संवय लागते. ती एकदां लागली, कीं शिक्षकांच्या वाद्यावर किंवा परीक्षेच्या वाद्यावर प्रत्येक उडी आंखूड पडते. चार वर्षांच्या मुलाला खेळावयास लहान पट्ट्यांचें वाद्य द्यावें, त्यांत कांहीं वावगें नाहीं. मात्र त्याला खेळणेंच म्हणावें.

पट्ट्या किती असाव्यात? साध्या पेटीला तीन-साडेतीन सप्तकें असतात आणि तेवढ्यांत आमचें सारें नाट्यसंगीत सुखानें नांदलें. कीबोर्डला ६१ पट्ट्या, म्हणजे पांच सप्तकें, हें सर्वसाधारण माप आहे व सुरुवातीच्या पांच-सहा वर्षांस तें पुरतें. पियानोच्या ८८ पट्ट्या असतात. परंतु केवळ ८८ हा आंकडा पाहून हुरळून जाऊं नये. पट्ट्या ८८, पण हलक्या आणि लटपटणाऱ्या, अशींहि वाद्यें असतात. त्यापेक्षां ६१ चांगल्या पट्ट्या शतपटीनें बऱ्या. पट्टी आंतल्या बाजूस, काळ्या पट्टीच्या मुळाशीं दाबून पाहावी. ती तेथेंहि सहज खालीं गेली पाहिजे. बोट उचलतांच तिनें चटकन वर यावें. आजूबाजूस हलविली असतां ती खुळखुळूं नये. एवढी परीक्षा कोणतीहि गृहिणी करूं शकेल. भाजी निवडण्यापेक्षां ती कठीण नाहीं.

दुकानदार ज्या आंकड्यांचा सर्वांत अधिक गजर करतो, ते म्हणजे आवाजांची आणि तालांची संख्या. चारशें आवाज, शंभर ताल! आम्हीं पाहिलेल्या बहुतेक घरांत त्यांपैकीं सहा-सात आवाज वापरले जातात, आणि कुत्र्याचें भुंकणें किंवा रेल्वेचा आवाज त्यांत असल्यास पहिल्या आठवड्यांत तोच सर्वाधिक वाजतो. एका बोटावर सगळा ताफा वाजविण्याची जी युक्ति असते, तिच्याविषयीं मात्र थोडें जपून बोललें पाहिजे. जे शिक्षक कीबोर्ड हेंच वाद्य म्हणून शिकवितात, त्यांच्या अभ्यासक्रमांत डाव्या हाताच्या स्वरसमूहांनीं ही साथ चालविणें हें एक खरें कौशल्य असतें. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या कीबोर्डच्या परीक्षांत तें तपासलेंहि जातें. अशा मुलास ती सोय हवीच, आणि परीक्षेस कोणत्या प्रतीचें वाद्य लागतें हें त्या वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेंत वाचूनच खरेदी करावी. पण पियानो किंवा पेटी शिकणाऱ्या मुलाला पहिलें वर्षभर त्या बटणापासून दूर ठेवणें बरें. न शिकतांच टाळ्या मिळूं लागल्या, कीं शिकण्याची निकड उरत नाहीं. पाहुण्यांपुढें "वाजव ना तें मघांचें" म्हणून आग्रह करणारे आपणच असतों, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

आतां ज्या घरांत मूल शास्त्रीय गाणें शिकत आहे, त्यांच्याशीं थोडें सविस्तर बोलावयाचें आहे. कारण मराठी घरांतून अशीं मुलें पुष्कळ, आणि त्यांच्याच हातीं हें वाद्य सर्वांत अविचारानें दिलें जातें.

कीबोर्डचे बारा सूर अगदीं सारख्या अंतरावर बसविलेले असतात. सप्तकाचे बाराशें भाग कल्पून प्रत्येक सुराला शंभर भाग दिलेले. हिशोबाला हें सोयीचें. कोणत्याहि पट्टीला षड्ज माना, अंतरें तींच राहतात. परंतु तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेंतून जो शुद्ध गंधार आपोआप ऐकूं येतो, तो ४०० व्या भागावर नसून सुमारें ३८६ व्या भागावर असतो. म्हणजे कीबोर्डचा गंधार चौदा भागांनीं चढा. पांढरी एक हा षड्ज धरला, तर त्याचीं कंपनें सेकंदाला सुमारें २६१.६, तंबोऱ्याचा गंधार ३२७.० आणि कीबोर्डचा ३२९.६. पंचमांत हा फरक अवघा दोन भागांचा, म्हणून तो कोणास खुपत नाहीं. पण गंधार, धैवत आणि कोमल गंधार या ठिकाणीं तयार कानाला तो लगेच बोचतो. कच्च्या कानाला बोचत नाहीं, आणि खरा धोका तोच! रोज सकाळीं एकेक सूर कीबोर्डवर धरून त्यांत गळा मिळविणारें मूल त्या चढ्या गंधारालाच घर मानूं लागतें.

हा वाद नवा नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुतींची हार्मोनियम करविण्याचा खटाटोप केला. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीलाच आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केलें. ती बंदी तीस वर्षें टिकली आणि १९७० नंतर हळूहळू सैल झाली. अलीकडच्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी घडवून तोच प्रश्न पुन्हा हातीं घेतला आहे. उलट बाजूहि तितकीच भक्कम आहे. "मानापमाना"च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे मूळचे पेटीवादक. त्यांच्यापासून पी. मधुकर, अप्पा जळगांवकर आणि तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत ज्यांनीं या लांकडी पेटींतून रागाचा भाव उभा केला, त्यांच्यापुढें वाद्याच्या अपुरेपणाची तक्रार करणें शोभत नाहीं. पेटींत मींड निघत नाहीं. पण भात्याच्या श्वासानें आणि बोटांच्या चलाखीनें तिचा भास करतां येतो, आणि चांगला कारागीर एका षड्जासाठीं पेटीचे सूर तंबोऱ्याच्या जवळ आणून देतो. कीबोर्डला भाता नाहीं. त्यांत "हार्मोनियम" नांवाचा आवाज असतो खरा, परंतु त्या आवाजाला श्वास नसतो.

म्हणून आमचें मत स्पष्ट आहे. गाणें शिकणाऱ्या मुलासाठीं पहिली खरेदी कीबोर्डची नसावी. पहिला मान तंबोऱ्याचा. खरा तंबोरा ठेवणें जमत नसेल, तर विजेचा तंबोरा, जो कीबोर्डपेक्षां पुष्कळ कमी किमतींत मिळतो. नंतर पेटी. आणि येथें एक सूचना: पेटी विकत घेण्यापूर्वीं घराचा माळा पाहावा. जुन्या वाड्यांतून आणलेली, आत्याच्या लग्नापूर्वीं वाजत असलेली एखादी पेटी फडक्यांत गुंडाळून तेथें बसलेली असण्याचा संभव असतो. भात्याचें कातडें फाटलें असेल, दोनचार सूर बसले असतील. पण लांकूड शाबूत असेल, तर पेटी दुरुस्त करणाऱ्यास एकदां अवश्य दाखवावी. या सर्वांनंतर कीबोर्ड आला, तर तो तालासाठीं, स्वरलिपि वाचण्यासाठीं, पाश्चात्य स्वरसमूह समजण्यासाठीं उपयोगी पडेल. कांहीं मधल्या किमतीच्या वाद्यांत सूर एकेक करून उतरविण्याचीहि सोय असते. पुस्तिकेंत "स्केल ट्यूनिंग" हे शब्द पाहावेत. भारतीय बाजारासाठीं काढलेल्या कांहीं वाद्यांत, उदाहरणार्थ यामाहाच्या पीएसआर-आय५०० मध्यें, तबला-तंबोऱ्याचे आवाज दिलेले आहेत. ते सरावास मदत करतात. गुरूची किंवा तंबोऱ्याची जागा घेत नाहींत.

आणखी एक बटण असतें, "ट्रान्सपोज" नांवाचें. तें दाबलें कीं पांढरी एक वाजवूनहि सूर काळी चारचा निघतो. गायिका काळी चारमध्यें गाते आणि साथीदाराला फक्त पांढरी एकपासून वाजवितां येतें, अशा वेळीं तें अडचण भागवितें. पेटीवाल्यांनींहि "स्केल चेंजर" काढून हीच सोय केली आहे. परंतु मुलानें पहिल्या दोन वर्षांत त्या बटणास हात लावूं नये असें आम्हांस वाटतें. अलंकार पांढरी एकपासून बसले, कीं ते काळी एकपासून, मग पांढरी चारपासून, मग काळी चारपासून बसवावेत. हें काम कंटाळवाणें आहे. पण ज्या मुलानें तें केलें, तें कोणाच्याहि घरीं, कोणत्याहि पेटीवर, कोणाच्याहि गळ्याला साथ करूं शकतें. ज्यानें बटणावर भागविलें, तें आपल्या वाद्यापासून दूर गेलें कीं मुकें होतें.

आतां पैशाची गोष्ट. किमती सदोदित बदलतात, म्हणून मोघमच सांगतों. लहान पट्ट्यांचीं वाद्यें पांच हजारांच्या आसपास मिळतात. त्यांविषयीं वर लिहिलेंच आहे. पूर्ण मापाच्या ६१ पट्ट्या, परंतु स्पर्श न कळणाऱ्या, अशीं वाद्यें आठ-दहा हजारांच्या घरांत; स्पर्श कळणारीं साधारण बारा ते वीस हजारांत. हातोडीच्या वजनाच्या ८८ पट्ट्यांचा विजेचा पियानो घ्यावयाचा, तर पस्तीस-चाळीस हजारांच्या पुढेंच विचार करावा लागतो. आमच्या मतें पियानो किंवा कीबोर्ड शिकूं लागलेल्या मुलासाठीं मधला गट योग्य. त्याच्या खालीं उतरूं नये आणि पहिल्याच वर्षीं त्याच्या वर चढण्याचें कारण नाहीं. पायानें दाबावयाच्या पेडलची जोडणी आहे कीं नाहीं हें मागील बाजूस पाहावें. अगदीं स्वस्त वाद्यांत ती कधीं कधीं नसते. एका वेळीं किती सूर वाजूं शकतात, हा आंकडा ३२, ४८, ६४ असा लिहिलेला असतो. तो नवशिक्याला महत्त्वाचा नाहीं. पेडल दाबून दोन्ही हातांनीं वाजविणारास मात्र ३२ अपुरे पडूं लागतात. स्टँड, पेडल, आवरण आणि विजेचा अडॅप्टर किमतींत धरले आहेत कीं वेगळे, हें पावती होण्यापूर्वीं विचारावें. तेथेंच दोन हजारांचा फरक पडतो.

जुनें वाद्य घेण्यास आमचा विरोध नाहीं. शहरांतून अशीं पुष्कळ वाद्यें जवळजवळ न वाजवितां विकावयास निघतात. त्यामागें कोणाच्या तरी घरची सुटलेली शिकवणी असते. फक्त तें पाहावयास दिवसाउजेडीं जावें आणि घाई करूं नये. आवाज अगदीं बारीक ठेवून डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी, काळी-पांढरी दोन्ही, एकदां हळू आणि एकदां जोरानें वाजवावी. पट्ट्यांच्या खालीं रबराच्या पट्ट्या असून त्यांवरील काळे ठिपके दाबले गेले कीं सूर उमटतो. धूळ आणि दमटपणा यांनीं ते खराब झाले, कीं एखादी पट्टी मुकी होते किंवा एकाएकीं किंचाळते. कोंकण-मुंबईच्या हवेंत हें अधिक होतें. हें दुरुस्त होऊं शकतें, पण तो खर्च किमतींतून वजा करावा. सेलची पेटी उघडून आंत पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे का, हें पाहावें. आवाजाचें बटण फिरवितांना खरखर होते का, कानाला लावावयाच्या हेडफोनची जागा सैल झाली आहे का, तेंहि पाहावें. मूळ अडॅप्टर नसल्यास कोणताहि उसना लावूं नये. किती व्होल्ट आणि मधलें टोंक धन कीं ऋण, याचें चित्र वाद्याच्या पाठीवर असतें, तें जुळल्यावांचून वीज जोडणें म्हणजे नसता खर्च ओढवून घेणें होय.

वाद्य घरांत आलें म्हणजे तें ठेवावयाचें कोठें? एकत्र कुटुंबांत हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. दुपारीं आजोबा वामकुक्षी घेतात, एका खोलींत काकूंचें कार्यालयाचें काम संगणकावर चाललेलें असतें, थोरल्याची परीक्षा जवळ आलेली असते. हेडफोन हें यावर चांगलें औषध आहे. तें दिवसाकाठीं थोडें घ्यावें. पण मूल नेहमींच कान झांकून वाजवीत राहिलें, तर त्याचें वाजविणें घरांत कोणाच्याच कानीं पडत नाहीं. चूक कोणी ऐकत नाहीं, आणि बारा दिवस अडलेली जागा तेराव्या दिवशीं सुटली, तीहि कोणी ऐकत नाहीं. संध्याकाळीं दिवे लागल्यानंतरचा अर्धा तास तरी उघड्या आवाजाचा असावा, आणि त्या वेळीं दूरदर्शनसंच बंद राहावा. वाद्य कपाटावर किंवा पलंगाखालीं ठेवलें, तर रोज काढ-घाल करण्याच्या कंटाळ्यानेंच सराव बुडतो. तें मांडलेलें असावें. वर सुती कापड टाकलेलें असावें. खिडकीच्या पावसापासून आणि देवघरांतील उदबत्तीच्या राखेपासून दूर असावें. खुर्चीवर बसल्यास कोपर पट्ट्यांच्या पातळीला यावें. मूल लहान असेल, तर पायांखालीं पाट द्यावा. भारतीय बैठकीनें वाजवावयाचें असल्यास वाद्य सरळ जमिनीवर ठेवूं नये, बुटक्या चौरंगावर ठेवावें. नाहीं तर मान वांकते आणि मनगट मोडून पडतें.

दोन-तीन वर्षांनंतर एखाद्या दिवशीं शिक्षक सांगतील कीं, आतां या पट्ट्यांवर हिचें भागत नाहीं, वजनाच्या पट्ट्या घ्या. पियानो शिकणाऱ्या मुलाच्या बाबतींत असें साधारण तिसऱ्या-चौथ्या परीक्षेच्या सुमारास होतें. त्या वेळीं पहिलें वाद्य फार महागाचें घेतलेलें नसलें, तर तें बाजूस ठेवतांना कोणास वाईट वाटत नाहीं. आणि एकत्र घरांत तें वायां तरी कशाला जाईल? धाकटें भावंड तोंपर्यंत सात वर्षांचें झालेलें असतें आणि ताईचा सराव ऐकून ऐकून पहिले तीन अलंकार त्याला बोटांनीं नव्हे, तरी तोंडानें पाठ असतात.